कानातला रातकिडा

बड्स कानातून काढावेत, डबीत ठेवावेत, झाकण टक्कन मिटावं, दिवा मालवावा, आणि नेमकं तेव्हाच कानात बारीक ‘कुईं’ सुरू व्हावं. अनेकांची या आवाजाशी पहिली भेट अशीच होते. कुणाला ती जुन्या डबा टीव्हीची शिट्टी वाटते, कुणाला गॅस नीट बंद न झाल्याची सुरसुर, कुणाला रातकिड्याची किरकिर. मराठी माणसाला रातकिडा चटकन सुचतो, पण ही उपमा एका बाबतीत फसवी आहे. खरा रातकिडा शोधायला गेलं की गप्प बसतो. हा मात्र शोधायला गेलं की आणखी जोरात ओरडतो. पुढचं बरंचसं या एका फरकापाशीच येऊन थांबणार आहे.

डॉक्टर याला टिनिटस म्हणतात, वैद्य कर्णनाद. सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग मोजलेले आहेत, त्यांत कर्णनाद आहे आणि कर्णक्ष्वेड नावाचा त्याचा भाऊबंदही आहे. जुन्या वर्णनात रुग्णाला भेरी, मृदंग, शंख असे नाद ऐकू येतात. म्हणजे माणसाचे कान ब्लूटूथ येण्याच्या कित्येक शतकं आधीपासून वाजत आहेत. हे मुद्दाम आधी सांगितलं, कारण रात्री एक वाजता घाबरून फोनवर शोधाशोध करणाऱ्याचा पहिला संशय ‘तारेशिवाय’ या शब्दावर जातो. तार होती तेव्हा बरं होतं, आता लहरी थेट मेंदूत जातात, वगैरे.

या संशयाचा निकाल लवकर लागतो. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं आणि कानातल्या बड्सची प्रक्षेपणशक्ती साधारण काही मिलीवॅट असते. मोबाइल टॉवरशी बोलताना आपला फोन २०० मिलीवॅटपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे लहरींची धास्ती असेल तर फोन कानाला लावून बोलण्यापेक्षा बड्स लावून बोलणंच बरं. भारतात फोनची एसएआर मर्यादा, म्हणजे शरीरात शोषल्या जाणाऱ्या लहरींच्या ऊर्जेची मर्यादा, १.६ वॅट प्रति किलो आहे. डायल पॅडवर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबलं की आपल्या फोनचा आकडा दिसतो. २०१९ मध्ये ‘अडीचशे शास्त्रज्ञांचा एअरपॉडविरोधात इशारा’ अशी बातमी जगभर फिरली. मूळ निवेदन २०१५ चं होतं आणि त्यात एअरपॉडचं नावही नव्हतं. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं रेडिओ लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या २ बी गटात टाकलं, हे खरं आहे. पण तो प्रश्न कर्करोगाचा आहे आणि त्याचा कान वाजण्याशी संबंध नाही. कानाचं नुकसान करणारी गोष्ट बड्समधून बाहेर पडते ती लहरींच्या नाही, साध्या ध्वनीच्या रूपात. तिच्यावर नियंत्रण ठेवणारं बटण आपल्या अंगठ्याखालीच असतं. त्यामुळे लहरींना दोष देणं सोयीचं पडतं, असं मला वाटतं.

आता हिशेब. डेसिबल हा सरळ बेरजेचा आकडा नाही. ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणजे तीच मात्रा कानात जायला निम्माच वेळ पुरतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी मिळून केलेल्या प्रमाणकात प्रौढांसाठी आठवड्याचा कोटा ८० डेसिबलला ४० तास असा धरला आहे. तिथून पुढे रेशनकार्डासारखा हिशेब: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला अडीच, ९५ ला सव्वा तास, ९८ ला जेमतेम ३८ मिनिटं आणि १०१ ला १९ मिनिटं. हे दिवसाचं नाही, सबंध आठवड्याचं. पूर्ण आवाजावर अनेक बड्स १०० च्या आसपास सहज पोचतात.

कल्याणहून सीएसएमटीला जायला धरा तास, यायला तास, आठवड्याचे सहा दिवस. १२ तास झाले. आवाज ८० वर असेल तर कोट्यातला ३० टक्के भाग संपला, काळजी नाही. ८३ वर ६० टक्के. ८६ वर १२० टक्के, म्हणजे शुक्रवारीच शिधा संपला. ८९ वर २४० टक्के. आणि ८३ ते ८९ हे अंतर बटणाच्या दोन-तीन खाचांचं असतं. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर आवाजाच्या १५ पायऱ्या असतात, आयफोनवर १६. मधल्या भागात एक पायरी साधारण दोन-चार डेसिबलची पडते. म्हणून ‘एकच खाच कमी केली, त्यानं काय होतंय’ असं म्हणू नये. त्या एका खाचेनं कानावरचा भार जवळपास निम्मा होतो. एवढा स्वस्त उपाय वैद्यकात क्वचितच सापडतो.

‘साठ टक्के आवाज, साठ मिनिटं’ हा नियम सगळीकडे ऐकू येतो. लक्षात ठेवायला सोपा आहे, पण टक्का म्हणजे डेसिबल नव्हे. एका कंपनीच्या बड्सचे साठ टक्के ७० डेसिबल भरतील, दुसऱ्याचे ८५. ‘हातभर अंतरावरच्या माणसाचं बोलणं ऐकू आलं पाहिजे’ ही दुसरी प्रसिद्ध कसोटी. ती जुन्या, कानाच्या तोंडाशी नुसत्या टेकणाऱ्या इअरफोनसाठी ठीक होती. कानात घट्ट बसणाऱ्या सिलिकॉनच्या टिपा, म्हणजे बडच्या तोंडावरच्या मऊ टोप्या, आणि वर बाहेरचा गोंगाट कापणारं नॉइज कॅन्सलेशन असेल तर गाणं बंद असतानाही शेजारच्याचं बोलणं नीट ऐकू येत नाही. तिथे या कसोटीतून आवाजाविषयी काहीच कळत नाही.

त्यापेक्षा फोनलाच मोजू द्यावं. आयफोनवर सेटिंग्जमध्ये ‘साउंड्स अँड हॅप्टिक्स’, त्यात ‘हेडफोन सेफ्टी’, तिथे मोठा आवाज कापण्याची पट्टी आहे. ती ७५ ते १०० डेसिबलमध्ये कुठेही लावता येते. ८० वर लावून एक आठवडा जगून बघावं. हेल्थ ॲपमध्ये आठवड्याची नोंदही राहते. मात्र ती नोंद कंपनीच्या स्वतःच्या बड्ससाठी बरीचशी खरी आणि दुसऱ्यांच्या बड्ससाठी अंदाजानं केलेली असते, हे विसरू नये. सॅमसंगवर ‘साउंड्स अँड व्हायब्रेशन’, ‘व्हॉल्यूम’, वरचे तीन ठिपके, ‘मीडिया व्हॉल्यूम लिमिट’. इतर अँड्रॉइडवर सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘व्हॉल्यूम लिमिट’ लिहून पाहावं. मुलांच्या फोनला ही मर्यादा पिनसकट लावावी, आणि खोक्यावरच्या ‘८५ डेसिबल, मुलांसाठी सुरक्षित’ या छापावर जाऊ नये. मुलांचा कोटा ७५ ला ४० तास आहे. त्याच हिशेबानं ८५ ला आठवड्याचे चार तास येतात. ऑनलाइन क्लासच्या दोन दिवसांत ते संपतात.

पण बटण वर जातं कशामुळे, हा खरा प्रश्न. मुद्दाम कान फोडून घ्यावेत असं कुणाला वाटत नसतं.

पहिलं कारण बाहेरचा गोंगाट. लोकलच्या उघड्या दाराशी, एसटीच्या मागच्या सीटवर, सिंहगड रोडच्या सिग्नलवर माणूस गाण्याचा आवाज गोंगाटाच्या वर नेऊन ठेवतो. घरात शांतपणे पाचव्या खाचेवर ऐकणारा डब्यात बाराव्या खाचेवर ऐकतो आणि त्याला दोन्ही ठिकाणी सारखंच वाटतं. इथे नॉइज कॅन्सलेशन खरोखर कामाचं आहे. ते साधारण १ किलोहर्ट्झच्या खालची, एकसुरी घरघर कापतं: इंजिन, एसी, पंखा, चाकांची घरघर. हॉर्न, शिट्टी, फेरीवाल्याची हाळी यांच्यासाठी त्याचा फारसा उपयोग नाही. तिथे काम टिपेनं कानाचं छिद्र नीट बंद केलं की नाही यावर अवलंबून असतं. रस्ता ओलांडताना मात्र दोन्ही कान बंद नकोत, हे वेगळं सांगायला नको.

दुसरं कारण टिपेचा आकार. डबीसोबत लहान, मधल्या, मोठ्या अशा तीन जोड्या येतात आणि बहुतेक लोक मधली जोडी, ती आधीच बसवलेली असते म्हणून, जन्मभर वापरतात. टिप सैल असली की आधी बास निसटतो. तबल्याचा बायाँ पातळ वाटला, ढोल पत्र्यासारखा वाजला की समजावं, हवा निसटते आहे. मग माणूस बास भरून काढायला सगळाच आवाज वाढवतो आणि वरच्या पट्टीतला, कानाला जास्त जाचणारा भाग त्याबरोबर वाढतो. उपाय सोपा: कानाची पाळी एका हातानं वर आणि मागे ओढून दुसऱ्या हातानं बड आत सरकवावा आणि किंचित फिरवावा. तबला भरून आला की आकार बरोबर. दोन्ही कानांना वेगळा आकार लागू शकतो. डावा-उजवा कान मापानं सारखा असतोच असं नाही.

तिसरं कारण फार लोकांच्या लक्षात येत नाही, म्हणून त्यावर जरा थांबतो. बडच्या तोंडाशी बारीक जाळी असते. कानातला मळ तिच्यावर हळूहळू बसतो. बसतो तो सहसा एका बाजूला जास्त, कारण एका कानात मळ जास्त होतो किंवा एकच बड फोनसाठी जास्त वापरला जातो. उजवीकडचा आवाज कमी वाटायला लागतो. माणूस आवाज वाढवतो. उजवा कान समाधानी होतो आणि डावा, ज्याची जाळी स्वच्छ आहे, तो महिनोन्‌महिने चार-सहा डेसिबल जास्त खातो. सहा डेसिबल म्हणजे चौपट भार. एके दिवशी डावा कान वाजायला लागतो आणि मालक म्हणतो, डावा बड तर उत्तम चालतोय. म्हणून महिन्यातून एकदा बड अदलाबदल करून पाहावं. डावा बड उजव्या कानाशी धरला आणि कमी आवाजाची बाजू बडबरोबर सरकली, तर दोष जाळीचा. बाजू कानाबरोबरच राहिली, तर दोष कानाचा किंवा त्यातल्या मळाचा. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमधली डावी-उजवी बॅलन्स पट्टीही एकदा बघून घ्यावी. ती चुकून सरकलेली सापडते आणि मग सगळा तपास हास्यास्पद ठरतो.

जाळी साफ करताना बड उलटा धरावा, म्हणजे तोंड जमिनीकडे, आणि कोरड्या मऊ ब्रशनं हलकेच झाडावं. लहान मुलांचा नवा टूथब्रश चालतो. टाचणी घालू नये; मळ आत ढकलला जातो किंवा जाळी फाटते. सिलिकॉनची टिप काढून कोमट साबणाच्या पाण्यात धुवावी आणि पूर्ण वाळल्यावरच चढवावी. बाहेरचं प्लॅस्टिक ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडानं पुसावं, पण जाळीवर अल्कोहोल किंवा पाणी थेट टाकू नये.

चौथं कारण सेटिंगमधलं. अँड्रॉइडमध्ये सहसा फोनचं आणि बड्सचं व्हॉल्यूम एकच धरलं जातं. कुणाच्या तरी सल्ल्यानं डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘डिसेबल ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम’ चालू केलं, की ती दोन वेगळी होतात. मग बड्स स्वतः पूर्ण मोठे आणि फोन निम्म्यावर, असं होऊन बसतं. पडद्यावर पन्नास टक्के दिसतं आणि कानात भलतंच असतं. ते सेटिंग बदलताना, आणि बड्स लॅपटॉपला पहिल्यांदा जोडताना, आवाज तळाला आणावा, मगच ते कानात घालावेत.

आता कानाच्या आत. कॉक्लिया नावाच्या गोगलगायीच्या शंखासारख्या नळीत एका कानात साधारण १५ हजार केसपेशी असतात. त्यांतल्या सुमारे साडेतीन हजार आतल्या रांगेत, मेंदूकडे निरोप धाडणाऱ्या. बाकीच्या बाहेरच्या रांगांत, आवाज वाढवून धारदार करणाऱ्या. माणसात या पेशी मेल्या की पुन्हा येत नाहीत. शंखाच्या तोंडाशी उंच स्वर ऐकले जातात, टोकाशी खालचे. मोठ्या आवाजाचा मार आधी ३ ते ६ किलोहर्ट्झच्या पट्ट्यावर बसतो, म्हणून ऑडिओमेट्रीच्या, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीच्या, कागदावर ४ किलोहर्ट्झला खड्डा दिसतो. मराठीत ‘स’, ‘श’ यांची धार साधारण याच उंच भागात असते. ज्याचा हा पट्टा गेला त्याला आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाहीत, आणि तो म्हणतो, आजकालची माणसं पुटपुटतात.

पट्ट्यातल्या पेशी गप्प झाल्या की मेंदूकडे त्या सुरांचे निरोप येणं कमी होतं. मेंदू मग त्या वाहिनीची संवेदनशीलता वाढवतो. रेडिओचं स्टेशन लागत नाही म्हणून आवाज वाढवावा आणि खरखर मोठी व्हावी, तसं. बऱ्याच रुग्णांत वाजणारा सूर नेमका त्यांच्या ऐकण्यातल्या खड्ड्याजवळचाच निघतो. हे एकदा कळलं की कानात तेल घालून ही खरखर का जात नाही तेही कळतं. आवाज वाटतो कानात, तयार होतो ऐकण्याच्या वाटेवर पुढे, मेंदूत.

ढोलपथकाच्या सरावानंतर, डीजेच्या भिंतीपुढून आल्यावर किंवा बड्सवर तीन तास जोरात ऐकल्यावर कानात कापूस भरल्यासारखं होतं आणि कुईं ऐकू येते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बहुधा जाते. ‘गेलं, म्हणजे काही झालं नाही’ असं पूर्वी डॉक्टरही समजत. २००९ मध्ये शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना १०० डेसिबलचा आवाज दोन तास ऐकवला. त्यांचं ऐकणं काही दिवसांत पूर्ववत झालं, केसपेशीही शाबूत राहिल्या, पण उंच स्वरांच्या भागात त्या पेशी आणि मज्जातंतू यांना जोडणारे जवळपास निम्मे सांधे कायमचे गेले होते. उंदराचं गणित माणसाला जसंच्या तसं लागू नाही. तरी ‘कानठळ्या बसल्या आणि उतरल्या’ एवढ्यावर हिशेब मिटवता येत नाही, इतकं त्यातून दिसतं. अशा दिवसानंतर किमान एक-दोन दिवस बड्स डबीतच ठेवावेत. ढोलवादकांनी कानात कापूस घालणं ही निव्वळ समजूत आहे. त्यानं फार थोडे डेसिबल कमी होतात. फोमचे इअरप्लग घ्यावेत: बोटांत वळून सुतळीएवढे बारीक करावेत, पाळी वर-मागे ओढून आत सरकवावेत आणि फुगेपर्यंत २०-३० सेकंद बोटानं धरून ठेवावेत. अर्धवट बाहेर लोंबणारा प्लग नसल्यासारखाच.

कान वाजतोय असं वाटलं, की आधी एक क्षुल्लक शक्यता बाद करावी. बड्सचीही स्वतःची खरखर असते. गाणं थांबवल्यावर काही सेकंद बारीक सुस्कारा येतो आणि मग खट्‌कन बंद होतो. तो बडमधल्या ॲम्प्लिफायरचा. नॉइज कॅन्सलेशन चालू असताना सतत येणारा अस्फुट ‘हुस्स’ त्यातल्या मायक्रोफोनचा. बड काढले की आवाज त्याच क्षणी गेला, तर तो यंत्राचा. काढल्यावर राहिला किंवा ठळक झाला, तर आपला. नॉइज कॅन्सलेशननं कान दाबल्यासारखा वाटतो, तसा प्रत्यक्ष दाब मात्र पडद्यावर नसतो. खालचे सूर अचानक नाहीसे झाले की मेंदू त्याचा अर्थ दाब असा लावतो. त्रास होत असेल तर ते कमी पातळीवर ठेवावं.

इथे नॉइज कॅन्सलेशनची दुसरी बाजू येते. १९५३ मध्ये अमेरिकेत मॉरिस हेलर आणि मो बर्गमन यांनी कानाची काहीच तक्रार नसलेल्या ८० माणसांना एकेक करून ध्वनिरोधक खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते लिहायला सांगितलं. पाच मिनिटांत १०० पैकी ९४ या प्रमाणात लोकांना आवाज ऐकू आले: गुणगुण, शिट्टी, किरकिर. म्हणजे रातकिडा जवळजवळ सगळ्यांच्या घरी आहे, फक्त रोजच्या आवाजाखाली तो झाकलेला असतो. घट्ट टिपा लावून, नॉइज कॅन्सलेशन चालू ठेवून, गाणं बंद करून बसलं की आपण ती ध्वनिरोधक खोली कानात घालून बसतो. अनेकांना ‘बड्समुळे कान वाजायला लागले’ असं वाटतं, तेव्हा बड्सनी काही मोडलेलं नसतं. आधीपासून असलेलं फक्त उघडं केलेलं असतं. कुणाचं खरंच मोडलं आणि कुणाचं उघडं पडलं, हे घरी बसून ठरत नाही. त्यासाठी ऑडिओमेट्री आहे.

तपासणीआधी दोन किरकोळ पण फार आढळणारी कारणं. कानातला मळ आपोआप बाहेर सरकत असतो. दिवसाचे आठ तास बड लावला की त्याची वाट अडते आणि तो आत दाबला जातो. मळाचा बोळा पडद्याला टेकला की कान जड होतो आणि वाजतो. इअरबड म्हणून विकली जाणारी कापसाची काडी तो आणखी आत ठोकते, आणि स्टेशनबाहेरच्या कान कोरणाऱ्याविषयी न बोललेलं बरं. मळ मऊ करणारे थेंब चार-पाच दिवस घालून डॉक्टरकडून काढून घ्यावा. पडद्याला भोक असेल किंवा कान वाहत असेल तर थेंब नाहीत, लसणाचं कोमट तेल तर नाहीच. दुसरं कारण पावसाळ्यातलं. कोकणात, गोव्यात, मुंबईत जून ते सप्टेंबर कान आधीच दमट. त्यावर बसल्या जागी सिलिकॉनचं बूच. बुरशी धरते, आणि तिची खूण म्हणजे असह्य खाज, मग कान बंद होणं, मग किरकिर. पोहून, भिजून, डोक्यावरून आंघोळ करून लगेच बड्स घालू नयेत. अर्धा तास कान उघडे राहू द्यावेत. दुसऱ्याचे बड्स वापरू नयेत.

काही वेळा मात्र थांबायचं नसतं. एका कानानं अचानक, तासाभरात किंवा रात्रीत, ऐकू येईनासं झालं तर ती तातडीची बाब आहे. सर्दीनं दडे बसले असतील म्हणून आठवडा घालवू नये. स्टेरॉइडचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांत होतो, पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्यात जास्त. गायिका अलका याज्ञिक यांनी जून २०२४ मध्ये आपल्याला अचानक आलेल्या संवेदी बहिरेपणाविषयी जाहीरपणे सांगितलं. विषाणूच्या हल्ल्यामुळे तो आल्याचं डॉक्टरांचं निदान होतं. त्याच निवेदनात त्यांनी मोठ्या आवाजातलं संगीत आणि हेडफोन यांबाबत चाहत्यांना सावध केलं होतं. नाडीच्या ठोक्यासरशी ‘धुस्‌ धुस्‌’ असा आवाज येत असेल, आवाज एकाच कानात महिनोन्‌महिने असेल किंवा सोबत चक्कर असेल, तरी दाखवावं. चालू औषधांची यादी घेऊन जावी: जास्त मात्रेतलं ॲस्पिरिन, जेंटामायसिन-अमिकासिनची इंजेक्शनं, सिस्प्लॅटिन, क्विनीन यांनीही कान वाजतात. औषध परस्पर बंद मात्र करू नये. दात-ओठ आवळल्यावर किंवा जबडा पुढे काढल्यावर सूर बदलत असेल तर तेही सांगावं; जबड्याच्या सांध्याचा आणि मानेचा हात असू शकतो.

तपासणीत कान-नाक-घसा तज्ज्ञ पडदा बघतात, मग ऑडिओलॉजिस्ट २५० ते ८००० हर्ट्झपर्यंत शुद्ध स्वर ऐकवतात. रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला आणि तरी कान वाजत असेल तर ८००० च्या वरची चाचणी आणि ओएई ही बाहेरच्या केसपेशींची चाचणी होते का, ते विचारावं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तिथे १९८३ पासून ऐकण्या-बोलण्याच्या दोषांवर काम चालतं.

उपचारांचं थोडक्यात: आवाज बंद करणारी गोळी अजून नाही. जिंको या झाडाचा अर्क, झिंक, मेलाटोनिन यांची शिफारस करू नये, असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. आपल्याकडे मात्र त्यांच्या पट्ट्या सर्रास लिहून दिल्या जातात. ऐकणं कमी झालं असेल तर श्रवणयंत्रानं बऱ्याच जणांचा रातकिडा मागे पडतो, कारण मेंदूला खरे निरोप पुन्हा मिळू लागतात. त्रास कमी करण्यासाठी सगळ्यात भक्कम आधार आहे तो संज्ञानात्मक वर्तन उपचाराचा, म्हणजे आवाजाकडे धोक्याची घंटा म्हणून बघण्याची सवय मोडण्याचा. मन धोका म्हणतं तोवर मेंदू त्या आवाजावर पहारा ठेवतो, आणि पहारा आहे तोवर तो ऐकू येतो. दर तासाला शांत खोलीत जाऊन ‘आज कमी आहे का’ बघणं, फोनवर सूर वाजवून आपला सूर जुळवत बसणं, रोज रात्री त्याला दहापैकी गुण देणं हा सगळा पहाराच.

रात्रीची सोय करावी ती कानाबाहेरच्या आवाजानं, बड्स घालून नव्हे. बड्स घालून झोपलं की कुशीवर कानाची पाळी चिरडते, छिद्राला रात्रभर वारा लागत नाही आणि पहाटे दोनला एखादी जाहिरात दुप्पट आवाजात वाजते. गाण्याशिवाय झोप येतच नसेल तर उशीपासून दूर एक छोटा स्पीकर आणि अर्ध्या तासाचा स्लीप टायमर. सोबतीचा आवाज कुईंला बुडवणारा नसावा, तिच्यापेक्षा किंचित खाली असावा. दोन्ही एकमेकांत मिसळलेले ऐकू येतात तिथे ठेवावा. पूर्ण झाकलं तर मेंदूला सवय व्हायला ती सापडतच नाही, आणि बंद केल्या क्षणी ती पूर्ण ताकदीनं परत येते.

एप्रिल-मेमध्ये हे काम छताचा पंखा फुकट करतो. तक्रार डिसेंबरात सुरू होते, पंखा बंद करून गोधडी घेतल्यावर. तेव्हा टेबल फॅन काढावा, तोंड भिंतीकडे करावं, म्हणजे वारा लागत नाही, आणि एकच्या खटक्यावर ठेवावा.